ध्रुवयानची जोडवही आणि माझी इतर मिळकत

अल्लाहच्या नावाने सुरुवात करते.

मी कहकशां फारूक अत्तार, वय सत्तेचाळीस, व्यवसाय शिक्षिका (भूगोल), राहणार उदगीर, जिल्हा लातूर, आज शनिवारी दुपारी चार वाजता, जेवण आणि झोप दोन्ही नीट झालेली असताना, माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. विरोध मात्र आहे, तो माझ्या अम्मीचा. ती म्हणते, "चांगली बरी झालीस, आता कशाला मरणाचं लिहितीस?" बरी झाले म्हणूनच लिहिते आहे. मागच्या वर्षी लातूरला माझे ऑपरेशन झाले, गाठ साधी निघाली, आणि परवा डॉक्टर म्हणाले, आता एकदम वर्षाने या. घाबरलेल्या माणसांनी केलेल्या वाटण्या मी पाहिल्या आहेत. मला माझी वाटणी आनंदात करायची आहे.

कलम एक. माझे दोन खोल्यांचे घर, बँकेतील ठेव आणि दागिने शरियतीप्रमाणे माझी आई सुलतानबी आणि भाऊ नबील यांच्याकडे जातील. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. ज्या वारसांना कायद्यानेच मिळणार आहे, त्यांना मी दिले असे दाखवणे मला खोटे वाटते.

कलम दोन. अब्बांची घड्याळदुरुस्तीची हत्यारे, म्हणजे डोळ्याला लावायचे भिंग, तीन चिमटे आणि बारीक पेचकसांचा डबा, अब्बांनी हयातीतच मला दिली होती. ती आजच नबीलच्या हवाली करते. तो मोबाइल दुरुस्त करतो आणि गेली दहा वर्षे ती न विचारता वापरतो. आता विचारण्याची गरज उरली नाही. भिंगाची काच शर्टाच्या टोकाने पुसू नये.

कलम तीन. हे कलम लांब आहे. साक्षीदारांनी बसून घ्यावे.

'ध्रुवयान' ही अंतराळात हरवलेल्या एका यानाची हिंदी मालिका १९९४ साली सुरू झाली आणि मध्ये मध्ये बंद पडत आजही चालू आहे. यान तेच, प्रवास तोच. बदलत गेला तो सूत्रधार, म्हणजे मालिका कोणत्या वाटेने जाईल हे ठरवणारा मुख्य माणूस. आतापर्यंत चार झाले. सोळाव्या वर्षापासून मी प्रत्येक भागाची नोंद वहीत केली आहे आणि दहापैकी गुण दिले आहेत. अशीच वही ठेवणारा दुसरा माणूस म्हणजे आनंदराज ज्ञानोबा कांबळे. आम्ही उदगीरच्या कॉलेजात एका वर्गात होतो. पुढे तो देवणीला जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक झाला. गाववाले त्याला डॉक्टर म्हणतात म्हणून मीही चिडवायला 'डाक्टर' म्हणते. तो मला, मी शाळेत लागल्यापासून, 'अत्तारबाई' म्हणतो.

पहिल्या सूत्रधाराला आम्ही 'मास्तर' म्हणत असू. त्याचे यान प्लायवूडचे होते आणि हे लपवण्याचा त्याने कधी प्रयत्न केला नाही. शनिवारी सात वाजता अब्बांच्या घड्याळाच्या दुकानात टीव्हीसमोर वीस-पंचवीस माणसे उभी राहून ते पाहत. यानावर एकही शस्त्र नव्हते. जी अडचण येईल ती प्रश्न विचारून सुटायची आणि बरोबर साडेसातला संपायची. मी त्याला भरभरून गुण दिले. आज वही वाचताना दिसते की अंतराळातही चहा बाईच करत होती, आणि आठ वर्षांत माझ्या हे एकदाही लक्षात आले नाही.

दुसरा सूत्रधार २००६ साली आला. त्याच्या बाबतीत माझ्या हातून जे घडले, त्यासाठी हे मृत्युपत्र आहे.

माझ्या मते तो गोष्ट शेवटाला नेतच नसे. दर शनिवारी काहीतरी भयंकर उभे करायचा, अगदी ऐन क्षणी सोडून द्यायचा, आणि पुढच्या शनिवारी भलतेच सुरू करायचा. आनंदराजलाही तो आवडत नव्हता. तेव्हा आम्ही ठरवले की वाहिनीला पत्र पाठवायचे, हा माणूस बदला. मी पत्र लिहिले, दोनशे चौदा सह्या गोळा केल्या. दुसरी सही आनंदराजची होती, मजकूर न वाचता केलेली. अब्बांच्या दुकानात त्याने मजकूर वाचला आणि म्हणाला,

"अत्तारबाई, हे काय लिहायलात? शेवट नसतो म्हणून? शेवटच तर एक धड असतोय त्याचा. सुरुवात नसती! शीर्षकगीतसुद्धा काढून टाकलंय. ना नाव, ना गाव, एकदम मधूनच. बिनमुंडक्याचं जनावर हाय ते."

"गीत आहे," मी म्हणाले. "दर शनिवारी ऐकते. बिनशेपटीचं म्हणा हवं तर."

"न्हाई गीत."

"आहे, डाक्टर."

"मग तुम्ही मधीच झोपून जाता का?"

दुकानातली माणसे हसली. मी म्हणाले, जो माणूस मालिका न पाहता बोलतो त्याला खोटारडा म्हणतात. त्याने काउंटरवरचे पेन उचलले, आपली सही खोडली आणि म्हणाला, "खोट्या कागदावर माझं नाव नको." मी दोनशे तेरा सह्यांचे पत्र त्याच दिवशी टाकले. वर्षाच्या आत तो सूत्रधार गेला आणि मालिका बंद पडली. माझ्या पत्राने गेला असे मी म्हणत नाही. उदगीरला इतके वजन नाही. पण तो गेल्यावर मला आनंद झाला होता, ही नोंद वहीत आहे आणि ती खोडायची नाही.

सतरा वर्षे आम्ही बोललो नाही. २०११ मध्ये अब्बा गेले तेव्हा आनंदराज देवणीहून आला, दारात तासभर उभा राहिला. मी मान वर केली नाही. हेही लिहून ठेवते.

मागच्या वर्षी ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात आला. एका हातात शहाळे, काखेत वही.

"भांडण उरकून घ्यावं म्हणलं," तो म्हणाला. "तुम्ही गेलात तर मी कोणाशी भांडू?"

खरे कारण त्याने मग सांगितले. आता मालिकेची चौथी सूत्रधार एक बाई आहे, रेणुका. दुसऱ्याच्या काळातल्या बावन्न भागांच्या फिती कुठेच उरल्या नाहीत, तेव्हा कोणाकडे काही असेल तर पाठवा, असे तिने प्रेक्षकांना आवाहन केले होते. लातूरला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या आनंदराजच्या मुलीने, महामायाने, ते वाचले होते. नबील घरून माझी वही घेऊन आला. आम्ही एकेक तारीख काढून वाचू लागलो, मनात हेच की समोरच्याचा खोटेपणा आता पकडायचा.

माझी नोंद: "१४ ऑक्टोबर २००६. कप्तान बंद दारापाशी. आतून मुलाचा आवाज. उघडावे की नाही? इथेच संपवले. निर्लज्जपणा. गुण २."

त्याची नोंद: "१४ ऑक्टोबर २००६. सुरुवातीलाच दार उघडं. कोण, कशाला, काही सांगत नाही. आत मूल नाहीच, मुलाच्या आवाजात बोलणारं जुनं यंत्र. कप्तान तरीही खाली बसून त्याच्याशी बोलतो. मला रडू आलं. पण डोकंच नाही गोष्टीला. गुण ३."

आम्ही दोघांनी तारीख पुन्हा तपासली. मोसंबी सोलत बसलेली अम्मी म्हणाली, "अरे बाबांनो, त्या साली आपल्याकडं साडेसातला लाईट जायाची की. भारनियमन न्हवतं का? अन् तुमच्याकडं, देवणीला?"

आनंदराजने हातातली वही मिटली. मग म्हणाला, "साडेसातला… यायची."

मास्तरचे भाग अर्ध्या तासाचे होते. दुसऱ्याने ते तासाचे केले, हे आम्हा दोघांनाही कधी कळले नाही. पेपरात फक्त 'सात वाजता' एवढेच छापून यायचे. माझ्याकडे साडेसातला अंधार झाला की मला वाटे, आजचा भाग संपला आणि मग वीज गेली. त्याच्याकडे उजेड झाला की त्याला वाटे, मालिका साडेसातलाच लागते, पेपरातली वेळ कधी खरी असते? ज्या दोन शनिवारी भारनियमनाचे वेळापत्रक बदलले त्या दिवशी दोन्ही गावांत पूर्ण अंधार होता, आणि दोन्ही वह्यांत 'प्रक्षेपणात बिघाड' असे लिहिले आहे. रेखावृत्त बदलले की वेळ बदलते, हे मी मुलांना शिकवते. तासाभरावरच्या देवणीला आपल्यापेक्षा वेगळा अंधार असू शकतो, हे मला सतरा वर्षे सुचले नाही.

आम्ही इतके हसलो की नर्स धावत आली. "टाके तुटतील मॅडम!" टाके तुटले नाहीत. तुटले असते तरी माझी तक्रार नव्हती.

पन्नास शनिवार दोघांचे मिळून पूर्ण झाले. महामायाने सगळे टाइप करून रेणुकाबाईंना पाठवले. उदगीरच्या बाइंडरकडून मूळ पाने उसवून एकच वही बांधून घेतली: डाव्या पानावर माझा अर्धा भाग, समोर उजव्या पानावर त्याचा. हीच ती जोडवही. यंदा तिच्यावरून चार भाग नव्याने तयार झाले, त्यांत चौदा ऑक्टोबरचा तो दाराचाही आहे. पहिला लागला तेव्हा आम्ही सगळे माझ्या घरी होतो. शेवटी दुसऱ्या सूत्रधाराचे नाव सर्वांत आधी आले, मोठ्या अक्षरात. त्याखाली: 'उदगीर आणि देवणी येथील प्रेक्षकांनी जपलेल्या वह्यांवरून.' अम्मीला वाचता येत नाही, पण आनंदराज कॉटवर उभा राहून ओरडला तेव्हा तिला कळले.

त्या सूत्रधारांना मी माफीचे पत्र लिहिले होते. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे कार्ड आले: "अर्धेच पाहून तुम्हाला इतका राग आला, म्हणजे अर्धे तरी मी नीट लिहिले होते." हे कार्ड जोडवहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवले आहे. कोणीही काढू नये.

कलम चार. जोडवहीतील माझा हिस्सा मी आनंदराज ज्ञानोबा कांबळे यांना देते. वारस नसलेल्या माणसाला मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येते, म्हणून मी नबीलला वहीची किंमत विचारली. तो म्हणाला, "आपा, रद्दीवालासुद्धा याला तिसरा हिस्सा म्हणणार न्हाई." तरीही त्याची आणि अम्मीची संमती वेगळ्या कागदावर घेतली आहे. आनंदराजच्या पश्चात वही महामायाकडे जावी. ही वही कोणत्याही कारणाने उसवू नये. वाटणी झाली तर दोघांच्या हातात पुन्हा अर्धेच जनावर येईल.

कलम पाच. तिसऱ्या सूत्रधाराबद्दल. त्याला मी 'बारूदवाला' म्हणत असे. त्याच्याकडे पैसा आला, संगणकावरचे देखावे आले आणि दर दहा मिनिटांनी काहीतरी फुटू लागले. मी त्याला सरासरी तीन गुण दिले. पण यानाची इंजिनीअर म्हणून लहान गावातली मुलगी त्यानेच आणली, आणि महामाया इंजिनीअरिंगला का गेली असे विचारले तर ती तिचेच नाव सांगते. मी तीनाचे साडेपाच करते. फुटण्याबद्दलचे माझे मत तेच आहे.

कलम सहा. अखेरचा निकाल. रेणुकाबाई मास्तरचा धीर आणि दुसऱ्याची भीती एकत्र आणते आहे. तिचे काम अजून चालू असल्याने मी गुण राखून ठेवते. उरलेल्यांत दुसऱ्याचा काळ मी पहिल्याच्या वर ठेवते, अर्ध्या गुणाने. मास्तर प्रश्न सोडवायचा. दुसरा प्रश्न सोडवायचा आणि त्या सोडवण्याची किंमत कप्तानाला मोजायला लावायचा. मी त्याच्यावर अन्याय केला म्हणून तर त्याला वर बसवत नाही ना, हे स्वतःला बऱ्याचदा विचारले. यंदाचे चार भाग दोनदा पाहिले. निकाल कायम. आनंदराजला मान्य नाही, तो अजून मास्तरच्याच बाजूचा आहे. त्याच्यासाठी वहीच्या शेवटी अकरा कोरी पाने ठेवली आहेत. मी गेल्यावर त्याने त्यांवर हवे ते लिहावे. मी उत्तर देऊ शकणार नाही, याचा गैरफायदा घेऊ नये.

कलम सात. माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता माझ्या घरी चौदा ऑक्टोबरचा तो दाराचा भाग लावावा. शीर्षकगीतापासून लावावा. शेवटचे नाव जाईपर्यंत कोणी उठू नये. अम्मी असेल तर तिला पुढची खुर्ची द्यावी, कारण

वीज गेली. साडेसात वाजले आहेत. आनंदराजला हिस्सा मिळणार असल्याने मी त्याला साक्षीदार केले नाही आणि ओसरीवर बसवले आहे. तो तिथून ओरडला, "अत्तारबाई, शेवट राहिला!"

राहिला नाही, डाक्टर. नबीलने टॉर्च धरली आहे आणि मी लिहिते आहे: कारण उत्तर तिनेच सांगितले होते.

वरील मजकूर 'वीज गेली' पासून पुढे टॉर्चच्या उजेडात लिहिला आहे. अक्षर माझेच आहे, शुद्ध माझीच आहे, आणि हे मृत्युपत्र येथे पूर्ण झाले.

सही: कहकशां फारूक अत्तार
स्थळ: उदगीर, जि. लातूर
दिनांक: शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमोर लिहिणाऱ्या बाईंनी सही केली. उजेड कमी होता, पण सही करताना आम्ही त्यांना पाहिले आणि त्या हसत होत्या.

साक्षीदार १: संगमेश्वर बिरादार, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, उदगीर
साक्षीदार २: गौरम्मा स्वामी, शिक्षिका, उदगीर