धुक्याची मुलगी कंदीलवाल्याच्या प्रेमात का पडते?

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. माझ्यापुरतंच. उद्या कुणी विचारलं, की सिनेमा कसा घडला, तर आठवत बसायला नको.
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं होतं. आमचा स्टुडिओ छोटा, आजवर नुसत्या जाहिराती केल्या. टूथपेस्टच्या जाहिरातीतले जंतू मी लिहितो आणि जंतूंच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही. पण आता मॅडमना पूर्ण लांबीचा सिनेमा करायचाय. ॲनिमेशन, फँटसी, रोमान्स. एप्रिलच्या शेवटी पैसे लावणाऱ्या बाई कच्चा सिनेमा बघायला येणार. त्यांना पटला तर लेखक मी. नाही पटला तर जन्मभर जंतू. मॅडमनी विचारलं, रोमान्स जमेल ना? मी नुसता हसलो.
कथा बसस्टॉपवर सुचली. एक कंदीलवाला, एक धुक्याची मुलगी. तो कंदील घेऊन गावातले दिवे लावत फिरतो. ती धुक्याचीच बनलेली, उजेड जवळ आला की विरते. म्हणजे भेट अशक्य. घरी बायकोला सांगितली. म्हणाली, छान आहे, पण ती त्याच्या प्रेमात का पडते? म्हटलं, ते पुढे येईल.

५ फेब्रुवारी
संकल्प: सकाळी सहाला उठून लिहायचं. आज साडेआठला जाग आली. पण पडल्या पडल्या विचार चालू होता. तेही लेखनच.

९ फेब्रुवारी
धुक्याच्या राज्याचा नकाशा पूर्ण. नद्या, घाट, जकात नाकी. डिझायनरला दाखवला. ही आमच्याकडची नवी मुलगी. हात चांगला, सबुरी कमी. विचारत होती, धुक्यावर जकात कशी लावतात? म्हटलं, वजनावर. पेन्सिलला टोक करत बसली. पटलेलं दिसतंय.

१६ फेब्रुवारी
नायकाचा चेहरा ठरवला. कपाळ भव्य, नजर खोल, तरुण पण अनुभवी. साधारण माझ्यासारखा, पोट वगळून. डिझायनरने काढून आणला तर एक कान वर, एक खाली. हे काय, विचारलं. म्हणाली, सर, तुमच्यासारखा म्हणालात ना. कान सरळ करायला लावले.
धुक्याच्या लोकांची भाषाही तयार करतोय. सात विभक्त्या झाल्या, आठवीवर घोडं अडलंय.

२ मार्च
मॅडमनी स्क्रिप्ट मागितली. दिली. दुपारी परत बोलावलं. अकरावा सीन आहे, तेरावा आहे, बाराव्यात नुसतंच लिहिलंय: 'इथे दोघं प्रेमाची कबुली देतात. हृदयस्पर्शी.' मॅडम म्हणाल्या, हाच तर सिनेमा आहे. मी म्हटलं, मॅडम, असा सीन पिकू द्यावा लागतो. त्या पाणी प्यायल्या. मलाही दिलं.

९ मार्च
बायकोने पुन्हा तेच विचारलं. ती का प्रेमात पडते? म्हटलं, तशी भविष्यवाणी आहे. बायको म्हणाली, भविष्यवाणीने लग्नं होत असतील, प्रेम नाही. हिचं काम चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायच्या आणि हलू नका म्हणायचं. अशा माणसाला फँटसी कशी कळणार?
मग म्हणाली, इतकी वर्षं झाली, मी तुला का आवडले हे तू तरी कुठे सांगितलंस? मी म्हटलं, आपण सिनेमाबद्दल बोलतोय. ती कपडे वाळत घालायला गेली. चिमटे जरा जोरात लावत होती.

२३ मार्च, दुपारी
बारावा सीन झाला! एका बैठकीत. नायक म्हणतो, 'हे धूम्रकन्ये, तुझ्या विरण्यात मी युगायुगांचं असणं शोधतो आहे.' ती म्हणते, 'हे दीपधारका, मी तुझ्या अंधाराची पहाट.' लिहिताना माझेच डोळे भरून आले.
ऑफिसात वाचून दाखवला. डिझायनरने विचारलं, यातलं कोणतं वाक्य कोण बोलतंय? आमच्या एडिटरला सगळे कात्री म्हणतात. तो म्हणाला, ह्याचं वाक्य संपेपर्यंत ती विरलेली असेल. पाण्यात पाहतात सगळे.

४ एप्रिल
चित्रं एकापाठोपाठ लावून त्यावर आवाज चढवायचे, की झाला कच्चा सिनेमा. खरे कलाकार फार नंतर येतात, तोवर ऑफिसातल्याच लोकांचे कच्चे आवाज लावतात. नायक अर्थातच मी. नायिका रिसेप्शनवाली होती, पण तिचा घसा बसला. डिझायनर म्हणाली, तिला चित्रं काढायची आहेत. ऐन वेळी कोण मिळणार? बायकोला विचारलं. म्हणाली, अर्धी सुट्टी काढते.

७ एप्रिल
आजच्या दिवसाचं खोबरं झालं.
रेकॉर्डिंगची खोली म्हणजे भिंतींना फोम लावलेलं कपाट. आत आम्ही दोघं आणि एक माइक. बायकोने 'हे दीपधारका' वाचलं आणि हसली. परत घेतलं, परत हसली. म्हटलं, मन लावून वाच. म्हणाली, असं बोलतं कोण? म्हटलं, प्रेमातली माणसं बोलतात. म्हणाली, तू कधी बोललास?
मग पेटलोच. म्हटलं, बोलायची गरजच काय होती, दर दोन दिवसांनी तुझ्या दुकानात येत नव्हतो का? म्हणाली, चष्म्याचा स्क्रू ढिला व्हायचा म्हणून येत होतास. रागाच्या भरात माझ्या तोंडून गेलं, की स्क्रू आपोआप ढिला होत नव्हता, जिन्यात उभा राहून नखाने मीच करायचो.
म्हणाली, माहितीये. मी आवळलेला स्क्रू असा दोन दिवसांत निघत नाही.
मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, बोलले असते तर तू यायचा थांबला असतास. मग म्हणाली, नंतर नंतर तर मीही नीट आवळणं सोडून दिलं होतं.
तेवढ्यात लक्षात आलं, माइकचा लाल दिवा चालूच होता. काचेपलीकडे कात्री डोळे चोळत बसला होता. झोप झाली नसणार त्याची. त्याला म्हटलं, हे भांडण उडव, आणि बारावा सीन पहिल्यापासून नीट घेतला. मी तर असा आवाज लावला की माइक हलला.
फायलींना नावं मीच दिली, अशा कामात दुसऱ्यावर विसंबून चालत नाही. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरा'. त्यातली योग्य ती डिझायनरला पाठवून दिली.
बसमध्ये बायको खिडकीशी बसून उगाच हसत होती. मी बाहेर बघत होतो.

२० एप्रिल
मॅडम म्हणाल्या, एकदा पूर्ण बघून घ्या. म्हटलं, लिहिलेलं मीच, काय बघायचंय? आठवी विभक्ती आता अगदी टप्प्यात आहे. तिला प्राधान्य.

२८ एप्रिल, रात्री जेवणाआधी
क्रमाने लिहितो.
बाई आल्या. मी आधी नकाशा समजावला, मग जकात. बाईंनी घड्याळ पाहिलं, मॅडमनी मला पाहिलं. दिवे मालवले. सिनेमा सुरू. अकरा सीन बाई मोबाइलशी चाळा करत होत्या.
बारावा सीन. पडद्यावर कंदीलवाला जिन्यात उभा राहून नखाने स्वतःच्याच कंदिलाचा स्क्रू ढिला करतोय. कंदील विझला. तो अंधारात धुक्याच्या मुलीकडे गेला, आणि तिने कंदील दुरुस्तीला घेतला. उजेड नाही म्हणजे ती विरतही नाही. आणि वर आवाज? आमचं भांडण! चष्मा शब्द तेवढा कापलेला, बाकी जसंच्या तसं. नायकाचा एक कान वर.
मी खुर्चीत खाली सरकलो. वाटलं, संपलं. 'नीट आवळणं सोडून दिलं होतं' या वाक्याला धुक्याची मुलगी मान खाली घालून कंदील पुसत होती. बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला होता.
दिवे लागले. बाईंनी विचारलं, हा सीन कुणी लिहिला? मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी. कात्रीला ठसका लागला. बाई म्हणाल्या, सिनेमा करू या.
नंतर डिझायनरला गाठलं. म्हणाली, सर, तुम्हीच 'अंतिम नवीन' पाठवलीत. मला वाटलं, शेवटी सरांनी मनापासून लिहिलं. तीच ऐकत चित्रं काढली.
शांतपणे विचार करता चूक म्हणता येणार नाही. भांडणातही रचना लागते, ती माझी होती. घरी येऊन बायकोला म्हटलं, रोमान्स आपल्या रक्तातच आहे. म्हणाली, हो का. आणि जवळ येऊन बसली.

११ मे
बाईंचा निरोप: नकाशा, जकात, भाषा, भविष्यवाणी काढा, सगळा सिनेमा बाराव्या सीनसारखा हवा. सोपं आहे. दोन सीन लिहून पाठवले. 'हे दीपधारका'ने सुरू होतात, पण पुढे एकदम बोली.

१५ मे
दोन्ही परत आले. बाई म्हणतात, बारावा सीन दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखा वाटतो. मॅडम मूग गिळून बसल्या नाहीत, सरळ सांगून टाकलं, की तो सीन म्हणजे आमचं नवरा-बायकोचं भांडण.
आता दर शनिवारी बायको स्टुडिओत येते. ती बोलते, डिझायनर लिहून घेते, कात्री हसतो. मी चहा सांगतो. देखरेख म्हणून. हॉलच्या त्या टोकापर्यंत हशा ऐकू येतो. काही किस्से माझ्यावरचे आहेत असा संशय आहे.

२४ मे
नायिकेचा आवाज बायकोचाच पक्का झाला. बाईंना दुसरा कोणताच चालेना.
नायकासाठी आज माझी ऑडिशन होती. म्हटलं तर गंमतच, वाक्यंही माझीच! तरी तयारी सोडली नाही. सकाळी गरम पाणी, आरशासमोर सराव. 'स्क्रू आपोआप ढिला होत नव्हता' यात जिना, नख, तारुण्य सगळं उभं केलं. बाई म्हणाल्या, खरं वाटत नाही. म्हणाल्या, मग जरा भांडून दाखवा. मी उत्तम भांडलो, हातवाऱ्यांसकट. बाईंनी आभार मानले.
नाटकातला एक नट घेतलाय. त्याने एकदाच वाचलं. डिझायनर म्हणाली, अगदी सरांसारखा वाटतो.

२ जून
आज खरं रेकॉर्डिंग. नट वेळेवर आला, माणूस सभ्य. बायकोचं मात्र काही केल्या जमेना. त्याच्याशी ती दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलत होती, फार अदबीने. मॅडम घामाघूम. शेवटी बायकोनेच सुचवलं, की नवऱ्याला माझ्यासमोर उभं करा. मी तयारच होतो. घसा खाकरला. तशी ती म्हणाली, बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं.
मग तसं केलं. नट कोपऱ्यातल्या माइकवरून बोलायचा आणि उत्तर ती माझ्याकडे बघून द्यायची. 'नीट आवळणं सोडून दिलं होतं' म्हणताना ती माझ्याकडे अशी बघत होती, की मला खरंच काहीतरी सांगावंसं वाटलं. ओठापर्यंत आलं होतं. पण दिवा लाल होता, म्हणून नुसती मान हलवली. तिला कळलं असावं. पहिल्याच टेकला ओके झालं.
दिवसभर उभा होतो. एक शब्द बोललो नाही. निघताना बाईंनी, मॅडमनी, कात्रीने, सगळ्यांनी येऊन हात मिळवला. म्हणाले, या सिनेमासाठी आज पहिल्यांदा तुम्ही खरंच छान काम केलंत.