जामीनदाराचे गुडघे

प्रिय मावशी,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण अडचणीचा विषय निघाला की तू "मशीन चालू आहे, नंतर बोलू" म्हणून फोन ठेवतेस. पत्रापुढे मशीनची सबब चालत नाही. पाकिटात दोन कागदही आहेत. ते आधी उघडून बघू नकोस. कपडा हातात आला की तू पहिल्यांदा त्याची उलटी बाजू बघतेस हे मला माहीत आहे, पण एवढं पत्र तरी सुलट वाच.

मी बरी आहे. खोली तीच, लॉन्ड्रीच्या वरची. खालची यंत्रं चालू असली की फरशीचा एक कोपरा कोमट होतो, तिथे पाय टेकवून मी अभ्यास करते. रविवारी लॉन्ड्री बंद असते आणि तो कोपराही गार पडतो. शेजारच्या खोलीतली ती सतत गाणारी मुलगी दुसऱ्या कॉलेजात गेली. तेव्हा तिचा किती राग यायचा, आता ती बेसूर गाणीही चालतील असं वाटतं. गेल्या सोमवारी एक गंमत झाली. वॉर्डात पेशंटला नाव विचारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. सरांना वाटलं सर्दी झाली. सर्दीबिर्दी काही नव्हती, शनिवार दुपारपासून मी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. गंमत म्हणून लिहिलं खरं, पण कागदावर ती तितकीशी गंमत दिसत नाही. मला फार एकटं वाटतं, मावशी. एकदा लिहून टाकते, म्हणजे फोनवर लपवावं लागणार नाही.

आता गाडीचं सांगते. तुला अर्धं माहीत आहे. पुढच्या महिन्यापासून आठ आठवडे माझं काम शहराबाहेरच्या, खाणीजवळच्या छोट्या रुग्णालयात. सकाळी सातला हजेरी, आणि पहिली बस पोचते पावणेआठला. तीनदा उशीर झाला की सहामाही गेली. सहामाही गेली की कर्जाचा पुढचा हप्ता थांबतो, आणि तो थांबला की मी लॉन्ड्रीच्या वरून थेट लॉन्ड्रीत. शैक्षणिक कर्जाच्या खिडकीवर जाऊन विचारलं. फी, पुस्तकं, भाडं, बसचा पास या सगळ्याला पैसे मिळतात, गाडीला नाही. त्या वेळी बस नाही, असं सांगितलं, तरी खिडकीतल्या बाई पासच द्यायला तयार होत्या. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, इथे वैद्य घडायच्या आधीच मारायचा बेत दिसला.

म्हणून जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे गेले. बिस्किटी रंगाची एक छोटी गाडी होती, आधीचे मालक निवृत्त पोस्टमास्तर. डावं दार फक्त आतून उघडतं. समोरचं दिसायला मला खाली उशी घ्यावी लागली, आणि विकणारा तोंड फिरवून हसला. तू ज्या नावाने हाक मारतेस ते त्याला कोणीतरी सांगितलं असावं. एक चक्कर मारून आल्यावर तो कागद आणायला आत गेला आणि मी तशीच गाडीत बसून राहिले. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून तुला म्हणाले, बघ, गिअर टाकताना आता पूर्वीसारखा आवाज होत नाही. मोठ्याने म्हणाले. मग घाईघाईने रेडिओ लावला.

गाडीचं कर्ज देणारा साहेब तिथेच एका काचेच्या खोलीत बसतो. त्याच्या अर्जात "उत्पन्न" असा रकाना होता. मी शैक्षणिक कर्जाचा सहा महिन्यांचा हप्ता तिथे नीट अक्षरात लिहिला. आमच्या वर्गात सगळे त्यालाच उत्पन्न समजतात. तो आला की आम्ही श्रीमंत, महिन्याअखेर भिकारी. साहेबाने चष्मा काढला आणि म्हणाला, "बाई, याला उत्पन्न नाही म्हणत. याला देणं म्हणतात." आम्हा भावी डॉक्टरांना शरीरातली दोनशे सहा हाडं येतात, पण एवढं येत नाही. मग त्याने जामीनदार मागितला, आणि मी दुसरं नाव शोधायचा विचारसुद्धा केला नाही. तुला कागद पाठवला. चौथ्या दिवशी तो तुझ्या सहीसकट परत आला, सोबत चिठ्ठी, "ब्रेक आधी बघ, रंग नंतर."

गेल्या वर्षी तू चौकाच्या कोपऱ्यावरचा गाळा बघून आली होतीस, ते आठवतं? खाली मोठी काच, वर कटिंगसाठी खोली. किती दिवस फोनवर दुसरा विषय नव्हता. काचेत कुठला पोशाख लावायचा, वर टेबल कुठल्या भिंतीला ठेवायचं. मागच्या अंधाऱ्या खोलीत बावीस वर्षं दिवा लावून शिवलंस, आता उजेडात शिवणार म्हणालीस. आणि एक दिवस म्हणालीस की गाळा नको, वरच्या खोलीचा जिना जमणार नाही, गुडघे गेले. मी म्हटलं, बरं. मला परीक्षा होती.

मग सुट्टीत मी घरी आले आणि सरावासाठी तुझे गुडघे तपासले. तू कॉटवर आडवी, मला गुदगुल्या होतात म्हणून हसत होतीस, आणि मी पुस्तकातल्यासारखी एकेक गोष्ट करत होते. वाकवून पाहिले, दाबून पाहिले, सूज आहे का, आतून करकर लागते का. काहीच सापडलं नाही. गुडघे विशीतल्या मुलीसारखे. तू म्हणालीस ते आतून दुखतात, तुला अजून कळायचं नाही. आणि मावशी, मी तुझ्यावर विश्वास ठेवला. मला वाटलं, माझेच हात चुकले. परत आल्यावर किती दिवस प्रत्येक पेशंटचा गुडघा मी दोनदा तपासायचे, आणि तरी वहीत "नॉर्मल" लिहिताना हात अडखळायचा. सरांनी एकदा सर्वांसमोर विचारलं की तू स्वतःच्या बोटांना इतकी का घाबरतेस.

उत्तर परवा मिळालं, त्या काचेच्या खोलीत. साहेबाने तुझ्या नावाचा अहवाल समोर ठेवला आणि सांगितलं, "यांनी गेल्या वर्षी दुकानासाठी कर्ज मागितलं होतं. तुमच्या शिक्षणाला जामीन आहेत म्हणून नामंजूर झालं." वर म्हणाला की तरीही जमवू, व्याज थोडं जास्त पडेल, खाली सही करा. पेन माझ्या हातात होतं. मी तारीख बघत होते. नामंजुरीनंतर दोनच दिवसांनी तुझे गुडघे गेले होते. वर्षभर तू ताकास तूर लागू दिली नाहीस, आणि त्यावर ही दुसरी सहीही करून पाठवलीस. मला इतका राग आला की मी तिथेच रडले. साहेबाला वाटलं व्याज ऐकून रडते आहे, त्याने अर्धा टक्का कमी केला.

गाडी मी घेतली नाही. खाणीजवळच्या रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टरना फोन केला, त्यांनी चादरी ठेवायच्या खोलीशेजारची खोली आठ आठवड्यांसाठी दिली. तिथे दुसरे कोणी विद्यार्थी नाहीत, संध्याकाळनंतर म्हणे चौकीदार आणि कुत्रा. म्हणजे एकटेपणात बढती. पण सातच्या हजेरीला मी चपला घालेपर्यंत पोचेन.

आता कागद काढ. पहिला गाडीचा, तुझी सही मी तुझ्याच कात्रीसारखी सरळ कापून काढली आहे. दुसऱ्यासाठी हे पत्र लिहिलं. तीन वर्षं नापास न होता झाली की शैक्षणिक कर्जाचा जामीनदार मोकळा होऊ शकतो, विद्यार्थ्याने अर्ज केला तर. मला हा अर्ज तीन महिन्यांपूर्वीच करता आला असता, पण मी कधी विचारलंच नाही. परवा साहेबाकडून निघून थेट त्या खिडकीवर जाऊन विचारलं. माझी सही झाली आहे, पेन्सिलने फुली केली आहे तिथे तुझी कर, आणि चौकातल्या गाळ्यावर अजून भाड्याची पाटी आहे का ते चालत जाऊन बघ. वरच्या खोलीपर्यंत चढ. मी तुझे गुडघे तपासले आहेत, मावशी. त्यांना काहीही झालेलं नाही. माझे हात बरोबर होते.

तुझीच,
टिल्ली