लोकरीवरची निळी खूण

१० जाने. ९५
भिगवण. मासळीवाल्याकडून थर्मासला बर्फ घेऊन धाकट्या चुलत्यांच्या, तात्यांच्या कळपावर गेलो. साथीवरची नवी लस, पहिलीच चाचणी. ऐंशी मेंढरं. चाळीस टोचली, पाठीवर निळा रंग लावला. चाळीस तशीच ठेवली, तुलनेला. तात्या सगळ्यांनाच टोच म्हणत होते. मग लस चालते की नाही कळणार कसं? समजावलं. डॉक्टर पुतण्यापुढं काय बोलणार बिचारे.

२ फेब्रु.
घोळ. परवा तात्यांनी मेंढरं धरणाच्या बॅकवॉटरला धुतली, काल कातरली. निळा रंग लोकरीबरोबर गेला. आपल्यात खूण कानाला करतात. बापाच्या कळपामागं वाढलो आणि कातरणच विसरलो! गाढव आहे मी.
तात्या म्हणाले, "रंग कशाला पायजे? मला तोंडावरनं वळखू येत्यात. ही टोचलेली, ही न्हाय." त्यांनी सांगितलं तसं कानांत नंबराचे बिल्ले घातले, वहीत लिहिलं.

१९ फेब्रु.
इंदापूरकडं साथ लागली. नाकं गळतायत, तोंडं आलीयत, हगवण. तात्या म्हणाले, "ऱ्हायल्याली पन टोच की आता." चाचणी ज्यांच्या हाताखाली चाललीय त्या साहेबांना पुण्याला फोन केला. तुलना बिघडेल म्हणाले. मीही तात्यांना तेच सांगितलं. थर्मासमध्ये लस होती.

८ मार्च
तीस गेली. वही काढली. त्यातली अठ्ठावीस न टोचलेली. म्हणजे लस चालते! आनंद व्हायला हवा होता. तात्या खड्ड्यात माती लोटत होते, माझ्याकडं बघेनात.

२४ मार्च
साहेबांचं पत्र. मेंढपाळाची आठवण हा पुरावा नव्हे. चाचणी रद्द, नव्यानं करा. म्हणजे तुलना कातरणीच्या दिवशीच बिघडली होती. मग १९ला मी कशासाठी थांबलो? हे कुणाला विचारू...

१६ जून
धीर करून तात्यांकडं गेलो. चहा झाला. नवी कोकरं दाखवली त्यांनी. नव्या चाचणीचं मीच काढलं. तात्या उठले. मग एक कोकरू उचलून माझ्या हातात दिलं.
"टोच लेका. पन ह्या बारीला न टोचता सोडायची कुठली, त्ये तू दाव."
कोकरू माझं बोट चोखत होतं. कुठली सोडायची, ते अजून सांगितलेलं नाही त्यांना.