चि. विनूची खुशाली

१० नोव्हेंबर १९४६
विनूला जाऊन आज तीन आठवडे. सहा महिन्यांचा होता. हिवतापाचे चार दिवस. खोपोलीहून डॉक्टर आले तेव्हा अंग गार पडलं होतं.
तीन आठवडे मामंजी म्हणत होते, विलायतेला काही लिहू नकोस, मी बघतो. आज ओसरीवर बोलावलं. "त्याला कळवायचं नाय. सरकारनं एका वर्षाकरता धाडलाय शिकायला. तालुक्यातला पयला. हे कळलं तर बोटीत बसून परत येईल. तू लिहीत जा, पोरगं बरं हाय म्हणून."
म्हटलं, मला नाही जमणार.
आत्याबाई आतून बोलल्या, "पोर गेलं तुझ्या हातनं. आता नवऱ्याची परीक्षा पन घालव."

१२ नोव्हें.
लिहिलं. 'चि. विनू खुशाल आहे.' एवढं एकच. बाकी भाताची कापणी, तांबडी गाय व्याली वगैरे. मामंजींनी वाचून परत दिलं. "एका ओळीत भागंल का? पोरगं काय काय करतं ते हवं आसतं बापाला."
मग लिहिलं, पालथा पडतो. खरंच पडायला लागला होता, जायच्या आधी आठ दिवस. म्हणजे खोटं नाही लिहिलं.

३ डिसें.
ह्यांचं उत्तर. थंडी फार. अंडी रेशनवर. कारखान्यात दिवसभर उभं राहून पाय सुजतात. शेवटी, 'विनू पालथा पडतो वाचून हसू आलं. दात कधी येणार?'
दात कधी येतात? मला कुठे माहीत. पहिलंच माझं.

९ डिसें.
वरच्या वाडीतली ठाकरीण भिमी लाकडाची मोळी घेऊन येते. तिचा बुध्या विनूच्याच आगेमागचा, पाठीशी बांधलेला असतो. आज तिला बसवलं, चहा दिला. बुध्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. खाली दोन दात, तांदळाच्या कणीएवढे. कचकन चावला.
पत्र क्र. ४ : विनूला खालचे दोन दात आले. मला चावतो.

२ जाने. ४७
भिमी आली की हातातलं काम टाकून बघत बसते. बुध्या गुडघ्यांवर उठतो, पण मागेच सरकतो, पुढे जाता येत नाही म्हणून रडतो. लिहिलं. केरसुणी चघळतो. लिहिलं. कावळा दिसला की हात हलवतो. लिहिलं.
मामंजी खूश. "आता कसं झ्याक लिवतेस!"
लिहिता लिहिता आज मधेच बरं वाटलं. अगदी पाच मिनिटं. हे कुणाला सांगायचं नाही.

११ फेब्रु.
ह्यांनी फोटो मागितला. मला वाटलं, आता सगळं संपलं. मामंजी म्हणाले, त्यात काय. भिमीला नवं लुगडं कबूल केलं आणि आम्हा सगळ्यांना गाडीने कर्जतला नेलं.
विनूचं झबलं-टोपडं बुध्याला घातलं. झबलं तंग झालं, काखेत उसवलं. भिमीला फोटोवाल्याने दाराबाहेर उभं केलं. बुध्या माझ्या मांडीवर. रडला नाही, माझं मंगळसूत्र मुठीत धरून बसला. अंगाला धुराचा वास. फोटोवाला म्हणाला, "आईच्या वळणावर गेलाय." मामंजी हसले.
परत येताना भिमीने गाडीतच झबलं उतरवून माझ्या पदरात टाकलं. "लुगडं नको मना. बाय, तू माझ्या पोराला असं बघू नको. तुझी नजर खाते त्याला."
मामंजी खिडकीबाहेर बघत होते.

८ मार्च
भिमी येत नाही. मोळी दुसरीच कुणी आणते. तिने गावातही सांगितलं असणार. मी विहिरीवर गेले की बायका पोरांना पदराखाली घेतात. काल पाटलांच्या सुनेने तर भरलेली घागर तिथेच ठेवली आणि पोर उचलून गेली.
आता मनानेच लिहिते. विनू भिंत धरून उभा राहतो. काल आपटला, कपाळाला टेंगूळ आलं, रडला नाही.
आणि रात्री मला त्या टेंगळाची काळजी.

२९ मार्च
ह्यांचं पत्र. 'फोटो मिळाला. विनू अगदी तुझ्यासारखा दिसतो. इथल्या मित्रांना दाखवला. तू मात्र वाळलीस.'

२० एप्रिल
आज ह्यांचे स्नेही कर्णिक आले. ह्यांच्याबरोबरच गेले होते, त्यांचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचाच, म्हणून आधी परतले. ह्यांनी दिलेली लोकर नि साबण घेऊन आले. मामंजी शेतावर, आत्याबाई परसात. टोपी काढून बसले. चहा पुढे ठेवला तर घेईनात.
"वहिनी, कसं बोलावं समजत नाही. तार आली तेव्हा मी त्याच्या शेजारीच होतो. त्या दिवशी आम्ही कुणीच जेवलो नाही."
"कसली तार?"
"विनूची. ऑक्टोबरात."
माझ्याकडे बघून त्यांच्या लक्षात आलं असावं. उठायला लागले.
म्हटलं, "बसा. मग तो फोटो?"
"राहू द्या, वहिनी."
"फोटो बघून काय म्हणाले?"
त्यांनी खाली मान घातली. "म्हणाला, कुणाचं तरी उसनं पोर आणलेलं दिसतंय."
एवढंच मागितलं त्यांच्याकडे, की मला कळलं हे तिकडे लिहू नका. नाही लिहिणार म्हणाले. निघताना वाकून नमस्कार केला मला. वयाने मोठे आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मामंजींना विचारलं. ते पाय धूत होते.
"हो, मीच केली तार, कर्जत स्टेशनातनं. बापाला कळायला नको? मग त्याचंच पत्र आलं माझ्या नावावर."
"दाखवा."
नाही म्हणतील वाटलं होतं. दाखवलं. अक्षर ह्यांचंच. 'मला कळलं आहे हे तिला सांगू नये. ती रडकी पत्रं पाठवील व माझा अभ्यास होणार नाही. नेहमीसारखी लिहीत राहू दे. तिचंही मन रमेल.'
रमलं होतं की.

२२ एप्रिल
मामंजी म्हणाले, "जूनला परीक्षा हाय. तवर चालू दे, पोरी." आजवर कधी पोरी म्हणाले नव्हते.
म्हटलं, चालू देते.
पत्र क्र. १३ : 'विनू चालायला लागला. बाबा म्हणतो. भाद्रपदात तुम्ही याल तेव्हा त्याला घेऊन कर्जत स्टेशनवर येणार आहे. सगळं गाव येणार आहे हार घेऊन. गाडीतून उतरलात की आधी त्याला उचलून घ्या, माझ्याकडे मागून बघा.'
मामंजींनी वाचून कागद खाली ठेवला. "हे काय लिवलंस गं?"
"पोर काय काय करतं ते बापाला हवं असतं, तुम्हीच म्हणाला होतात."
त्यांनी घडी केली, पण पाकीट काही चिकटवेनात. मी चिकटवलं. खोपोलीला चालत जाऊन मीच पेटीत टाकलं.

१५ मे
उत्तर नाही. मामंजी माझी पत्रं हल्ली वाचायला मागत नाहीत.

३ जून
आलं. परीक्षा तोंडावर, तब्येत ठीक, बोटीचं तिकीट नक्की झालं. मग, 'विनूला स्टेशनवर आणू नकोस. पावसाचे दिवस असतील, त्याला सर्दी व्हायची. घरीच भेटेन त्याला.'
दोनदा वाचलं.
आत्याबाईंनी चुलीपासून विचारलं, "काय लिवलंय गं?"
"विनूला जपतात."
त्यांच्या हातातली भाकर तव्यावर करपली तरी उलटली नाही.
दुपारी उत्तर लिहिलं. 'काळजी नसावी. कानटोपी विणते आहे, तुम्हीच धाडलेल्या लोकरीची. आम्ही दोघंही येऊ.'