राधाबाईंना ‘तुम्ही’

वसमत, ७ मार्च १९४७

आज संध्याकाळी महारवाड्यात अर्ज वाचून दाखवला. गावची विहीर सगळ्यांना खुली करा, माणसं सारखीच आहेत, असं मीच लिहिलेलं. मग म्हाताऱ्या राधाबाईंना म्हणालो, “राधे, तू आधी अंगठा लाव.”

त्या हळूच म्हणाल्या, “गुरुजी, अर्जात समदे सारखे, अन् मला ‘तू’ काहून? तुमच्या मायहून थोरली हाय मी.”

तू! कुणी शिकवलं होतं मला? कुणीच नाही, आणि सगळ्यांनीच. मान वर होईना.

“चुकलो. राधाबाई, तुम्ही अंगठा लावा.”

त्यांनी लावला नाही. त्यांचे डोळे भरून आले.

“आजवर कोन्ही असं म्हनलं न्हाई. पुन्यांदा म्हना, गुरुजी.”

मी पुन्हा म्हणालो.