मागच्या स्टुलावरची जागा

प्रिय मौनीबाबा,

या नावाने तुला हाक मारून बरीच वर्षं झाली. तू वैतागून म्हणशील, आई, मी आता प्रयोगशाळेत साहेब आहे. असशील. पण आज मला साहेबाशी काम नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बाबांच्या पाठीशी स्टुलावर बसून त्यांचे पत्ते बघणाऱ्या, आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू न देणाऱ्या मुलीशी आहे. बेकरीवाले काका तुला बिस्किटाची लाच द्यायचे, बाबांकडे काय आलंय ते सांग म्हणून. तू आधी बिस्किट मागून घ्यायचीस, सावकाश खायचीस, आणि तोंड पुसून गप्प बसायचीस. मौनीबाबा हे नाव त्यांनीच ठेवलं, बरीच बिस्किटं बुडाल्यावर.

शुक्रवारचा पोकर अजून चालू आहे. तेच टेबल, ज्यावर बाबा चष्म्याच्या काचा घासायचे, तीच शिंपीकाकांनी आणलेली जुन्या कोटांची बटणं, आणि तीच चार माणसं. नर्सबाई निवृत्त झाल्या, पण जीभ अजून कामावर आहे. तू दर रविवारी फोनवर विचारतेस, बाबा कसे आहेत, आणि मी म्हणते, मजेत आहेत, परवाही जिंकले. जिंकत होते हे खरंच आहे. पण फोनवर माझा चेहरा दिसत नाही, म्हणूनच तेवढ्यावर निभावलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी खोटं बोलायच्या आधीच हिचे कान लाल होतात.

बाबांची नजर जाते आहे. सगळी नाही, मधली. जिथे बघावं नेमकं तेच पुसलं जातं, आणि कडेचं मात्र स्वच्छ दिसतं. मला कळलं ते असं. दुकानातला अक्षरांचा तक्ता पिवळा पडला होता, म्हणून मी नवा मागवून लावला, त्यातली अक्षरं वेगळी. संध्याकाळी बाबा खुर्चीत बसून म्हणाले, बघ, या वयातही शेवटची ओळ वाचतो. आणि त्यांनी धडाधड वाचली, जुन्या तक्त्यावरची. मी वाहवा म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. चहा उतू गेला तरी मी तिथेच उभी.

रात्री जेवताना त्यांनीच विषय काढला. माझ्या वाहवाने त्यांना संशय आला होता म्हणे. डॉक्टरांकडे ते आधीच जाऊन आले होते, एकटे. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळता येईल, असं डॉक्टर म्हणाले. गिऱ्हाइकांचे डोळे तेव्हापासून दुकानातली नवी मदतनीस तपासते, ते फक्त फ्रेमा बसवतात, बोटांनी चाचपून. मग त्यांनी मला शपथ घातली. तिला सांगायचं नाही. आत्ता कुठे हवी ती जागा मिळालीये, सगळं टाकून येऊन बसेल उशाशी. मी म्हटलं, अहो, मुलगी आहे ती. तर म्हणाले, म्हणूनच. आणि दुसऱ्याचे पत्ते आपण उघडायचे नसतात, हा त्यांचा नियम तुला माहीतच आहे.

आता गंमत ऐक. त्यानंतर ते पोकरमध्ये जिंकायलाच लागले. समोरच्याने आपल्याइतकी बटणं लावली तरच पत्ते दाखवावे लागतात. सगळ्यांनी पत्ते खाली टाकले, तर जिंकणाऱ्याने काहीच दाखवायचं नाही, पत्ते उपडे सरकवायचे आणि बटणं ओढायची. बाबांनी तेच धरलं. हातात काय आहे ते दिसतच नाही म्हटल्यावर एक तर पत्ते टाकून द्यायचे, नाहीतर एवढी बटणं लावायची की बाकीच्यांनी हाय खावी. मी चहा ठेवायला जायची तेव्हा वरून दिसायचं. एकदा तीन एक्के टाकून दिले त्यांनी. आणि एकदा हातात धड एक जोडीही नसताना बटणांचा ढीग पुढे ढकलला, चेहरा असा की जणू राज्यच हाती आलंय. शिंपीकाका म्हणाले, काय मुरलाय हा माणूस. मला हसू येईना आणि रडूही येईना.

मग मागच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी नर्सबाईंनी बाबांच्या ढिगासमोर तेवढाच ढीग सरकवला आणि म्हणाल्या, दाखवा चष्मेवाले. बाबा कितीतरी वेळ पत्ते छातीशी धरून बसले. अजूनही टाकून देता आले असते, हरलो म्हणता आलं असतं. माझ्या हातात लोकरीचा गुंडा होता, तो मी उगाच गुंडाळत होते. शेवटी त्यांनी पाचही पत्ते टेबलावर उलगडले आणि म्हणाले, मला दिसत नाही. कुणीतरी वाचून सांगा, काय आहे माझ्याकडे.

बेकरीवाल्यांनी वाचले. दोन राण्या, तीन दश्श्या. हळू वाचले, एकेका पत्त्यावर बोट ठेवून, लहान मुलाला शिकवावं तसे. खरोखरच डाव बाबांचा होता. पण त्यांना दिसत नाही हे ऐकून कुणीच चकित झालं नव्हतं, तेव्हा बाबा समजले. नर्सबाई म्हणाल्या, अहो, पत्ते कानाशी नेऊन कडेने बघणारा माणूस मला कळणार नाही? जन्म गेला माझा वॉर्डात. आम्ही मुद्दाम पत्ते टाकत होतो. पण किती दिवस हरायचं माणसाने? डोळ्यांचं राहिलं बाजूला, बाबांना संताप आला तो याचा. म्हणजे मी जिंकलोच नव्हतो? शिंपीकाका म्हणाले, सुरुवातीला खरंच जिंकलात हो, आईशप्पथ. तेव्हा आम्ही खरोखर घाबरायचो. यावर बाबा इतके हसले, की मला डोळे पुसायला निमित्त मिळालं.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्या मागे मी बसले, कानात पत्ते सांगायला. फजिती झाली. चांगला डाव आला की माझे लाल कान बघून सगळे पत्ते टाकून मोकळे. वाईट आला की माझा पडलेला चेहरा बघून बेकरीवाले बटणांवर बटणं वाढवणार. शिंपीकाका म्हणाले, मी सुईने पत्त्यांच्या कोपऱ्यांना टोचे मारतो, बोटांना कळेल. बाबा कडाडले, खुणेचे पत्ते? माझ्या टेबलावर? मग बराच वेळ बटणांशी चाळा करत बसले, आणि मला म्हणाले, एकच माणूस आहे. लिही तिला. सगळं लिही.

म्हणून हे पत्र. शपथ त्यांनीच सोडवली, मी मोडली नाही. नोकरी सोडून यायचं नाही, ही त्यांची अट आहे, आणि माझीही. रजा मिळेल तेवढे शुक्रवार ये. मागच्या स्टुलावर बस, त्यांच्या कानात पत्ते सांग, आणि तुझं ते जुनं तोंड कर, ज्यावर काहीच लिहिलेलं नसतं. बेकरीवाल्यांनी बिस्किटं तयार ठेवली आहेत, यावेळी आधी देणार नाही म्हणतात. फक्त एक लक्षात ठेव. दारात आलीस की अगदी त्यांच्या समोर उभी राहू नकोस. थोडी बाजूला सरकून उभी राहा. तिथे त्यांना अजून छान दिसतं.

तुझीच,
कान लाल झालेली,
आई