रस्त्यापलीकडे दिन्या

६ जानेवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. आमची गल्ली रुंद करणार म्हणे. होऊ देणार नाही. बचाव समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. बाकीची पदं रिकामी आहेत, योग्य माणसं मिळाली की भरू.
समोरचं दिनानाथचं घर अर्धं पाडून झालं. लहानपणापासून आम्ही समोरासमोर. गल्ली इतकी अरुंद की खिडकीतून हात लांबवला की एकमेकांचा चहा घेता यायचा. आता तो नुकसानभरपाई, इथल्या हिंदीत मुआवजा, घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला शिवपूरला मुलाच्या फ्लॅटवर गेला. भांडण वगैरे काही नाही. मी फक्त भर मीटिंगमध्ये त्याला गद्दार म्हणालो.
दुपारी चहाच्या वेळी समोरून हाक आली. "विशू, झाला का रे चहा?" हुबेहूब दिन्या. बघतो तर अर्धा जिना, वर गुलाबी भिंत. खोली नाहीच. वारा असणार.

८ जानेवारी
पुन्हा हाक. वारा नव्हता. पत्रा असणार.

९ जानेवारी
रस्त्याच्या इंजिनीअरला भेटलो. आमच्या ओट्यावर लाल खूण केली आहे. कोर्टाची भाषा केली. "अंकलजी, मकान नहीं, सिर्फ चबूतरा जाएगा," म्हणाला आणि पुढच्या घरावर खूण करायला गेला. घाबरला बिचारा.

११ जानेवारी
खिडकी कायम बंद ठेवायचं ठरवलं. धुळीमुळे. शरदिनीने विचारलं, मग चहाच्या वेळी एवढ्या मोठ्याने रामरक्षा कशाला म्हणता? उच्चार सुधारायला, म्हटलं. बायकोला प्रत्येक गोष्ट सांगितलीच पाहिजे असं नाही.
बंद खिडकीतूनही हाक येते.
भूतबीत मी मानत नाही. शिवाय जिवंत माणसाचं भूत कसं होईल? पण दिन्या जिवंत आहे हे मला नक्की कुठे माहीत आहे? शिवपूरला फोन करावा का? पण आधी त्याने करायला हवा.

१३ जानेवारी, मंगळवार
ऐतिहासिक दिवस. जेसीबीसमोर खुर्ची टाकून बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "बाबूजी, कुर्सी ज़रा बाएँ." सरकवली. आंदोलनात लवचिकता हवी. ओटा गेला.
धुळीत सहज वर पाहिलं. समोरच्या अर्ध्या जिन्यावर कोणीतरी बसलं होतं. वीटकरी मफलर, मान एका बाजूला कललेली. दिन्या तसाच बसायचा. धूळ बसली तेव्हा जिना रिकामा.
घरात येऊन कडी लावली. आंदोलन संपलंच होतं.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. न राहवून शरदिनीला सांगितलं. ती तीळ भाजता भाजता हसली. "अहो, भूत कसलं? दिनानाथभाऊजीच ते! दर मंगळवारी संकटमोचन मारुतीच्या दर्शनाला येतात, परतताना जिन्यावर टेकतात. मी मागच्या दाराने जाऊन चहा देते. विशू रागावलाय, त्याला सांगू नका म्हणाले."
म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. भूत नाहीच. शांत वाटलं.
मग लक्षात आलं, हाक तर मला रोज येते. आजही आली. आज बुधवार.
पुन्हा विचारलं. शरदिनी म्हणाली, भाऊजी कधी हाक मारत नाहीत. नुसते आपल्या खिडकीकडे बघत बसतात.
मी तिळगूळ खाल्ला नाही. दात दुखतोय.

१९ जानेवारी
ठरलं. दिन्याला माफ करायचं. मोठेपणा कोणीतरी दाखवायला हवा. उद्या स्वतः जिन्यावर जाऊन शेजारी बसणार. काय बोलायचं ते पाठ केलं. पहिलं वाक्य फार चांगलं जमलंय.

२० जानेवारी, मंगळवार
सकाळीच जिना पाडला. भिंतही. दिन्या आला नाही, किंवा आला आणि बघून परत गेला. शरदिनी चहा घेऊन मागच्या दाराशी बराच वेळ उभी होती. चहा तिनेच मोरीत ओतला.
पुढल्या मंगळवारी बोलू. घाई काय आहे?

२४ फेब्रुवारी
डांबर पडतंय. समोर आता काहीच नाही. हाक येते. मी उत्तर द्यायला लागलोय, हळू आवाजात. काल शरदिनीने पलंगाची खिडकीकडची तिची बाजू मला घ्यायला सांगितली. उजेडासाठी म्हणाली. कारणं सांगायची माझी सवय तिला लागली वाटतं.

१७ मार्च, मंगळवार
रस्ता सुरू झाला. मधोमध दुभाजक. ई-रिक्शा, टेम्पो, यात्रेकरूंच्या बसेस, सकाळपासून हॉर्न. आज हाक आली की नाही तेच कळलं नाही. कान लावून बसलो होतो.
आणि पलीकडच्या फुटपाथवर दिन्या. खराखुरा. वाळलाय, काठी आलीये. मी दारात धावलो. "दिन्या!" म्हणून ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्याने कानामागे हात धरला. मग तोच हात वर केला, चांगला उंच. मीही केला. ओलांडायला जागा शोधत मी दुभाजकाच्या कडेने चालू लागलो, तोही सरकला, म्हटलं हा इकडेच येतोय.
त्याच्यासमोर ई-रिक्शा थांबली. हात खाली घेऊन तो बसला आणि गेला.